येसेनित्से ते नोवा गोरित्सा: सरहद्दींच्या रुळांवरून

स्लोव्हेनियातलं ब्लेडचं तळं बघायला येणारी मंडळी बहुतेक राजधानी ल्युब्लियानाहून बसने येतात, तळ्याला फेरी मारतात, तिथला प्रसिद्ध क्रीम केक खातात आणि संध्याकाळी परततात. तळ्याच्या पश्चिमेला, जरा उंचावर एक छोटं स्टेशन आहे. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. मी स्लोव्हेनियात गेलो होतो ते मात्र त्या स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीसाठी.

ही बोहिन्य रेल्वे. उत्तरेला ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं येसेनित्से, दक्षिणेला इटलीच्या सीमेला अगदी खेटून वसलेलं नोवा गोरित्सा आणि मध्ये सुमारे 89 किलोमीटरचा एकेरी मार्ग. अजून विद्युतीकरण नाही, डिझेलची गाडी, वेळ साधारण दोन तास. येसेनित्से हे पोलाद कारखान्याचं गाव, तिथे रेंगाळण्यासारखं मला काही दिसलं नाही. चढलो आणि डावीकडची खिडकी पकडली. ब्लेडचं तळं त्याच बाजूला दिसतं. मिनिटभरच दिसतं, पण बेटावरच्या चर्चसकट.

एवढ्या डोंगरात हा मार्ग घातला कोणी? व्हिएन्नाच्या सरकारने. ऑस्ट्रिया-हंगेरीचं मोठं बंदर म्हणजे त्रिएस्ते आणि तिथे जाणारी मुख्य रेल्वे एका खाजगी कंपनीच्या हातात. सरकारला स्वतःची दुसरी वाट हवी होती. 19 जुलै 1906 रोजी युवराज फ्रान्झ फर्डिनांडच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. याच युवराजाचा पुढे 1914 मध्ये सारायेव्होत खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं. त्या युद्धाची आघाडी थेट या मार्गावर येऊन ठेपली, पण ते पुढे.

बोहिन्स्का बिस्त्रित्सा स्टेशन सोडलं की गाडी बोगद्यात शिरते. लांबी 6,327 मीटर. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा माहीत असतो, साधारण तेवढाच, फक्त हा नव्वदेक वर्षं आधीचा. मोटारींनाही इथे डोंगरावरून लांबचा वळसा पडतो, म्हणून मोटारी वाहून नेणारी एक वेगळी गाडी याच बोगद्यातून चालते.

इटली आणि युगोस्लाव्ह राज्यात झालेल्या 1920 च्या रापालो तहानंतर सरहद्द बोगद्यावरच्या डोंगरधारेवर गेली. म्हणजे बोहिन्स्का बिस्त्रित्साला गाडीत बसलेला माणूस युगोस्लाव्ह राज्यात आणि अंधार संपून पोदबर्दोला पोहोचला की इटलीत. पोदबर्दोचं तेव्हाचं इटालियन नाव पिएदिकोल्ले. पोदबर्दोत 1910 मध्ये जन्मलेला माणूस ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जगला असेल, तर त्याने ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, युगोस्लाव्हिया आणि स्लोव्हेनिया अशी चार राज्यं घरात बसून पाहिली, शिवाय मधली जर्मन लष्कराची वर्षं वेगळीच. आज तिथे गाडी थांबते, दोन-चार माणसं उतरतात, गाडी निघते. कागद विचारायला कोणी येत नाही. तिकीट तपासनीस आले, पण ज्यांच्याकडे तिकीट नव्हतं त्यांना ते जागेवरच विकून पुढे गेले.

माझ्या मते खरा प्रवास इथून सुरू होतो. ब्लेडची बाजू नीटनेटकी, पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेली. बाचा नदीची ही दरी अरुंद आणि ओलसर, दोन्ही अंगांना दाट झाडी, उतारावर टांगल्यासारखी वाटणारी घरं. गाडी वळणं घेत उतरत जाते आणि मोस्त ना सोचीपाशी सोचा नदी भेटते. तिच्या पाचूसारख्या रंगाचं इतकं ऐकलं होतं की मी थोडा संशय धरूनच बसलो होतो. रंग खरा आहे. मात्र मोस्त ना सोचीचं शांत हिरवं तळं निसर्गाने दिलेलं नाही, 1930 च्या दशकात इटलीने वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाचं ते पाणी.

पुढे कनाल नावाचं देखणं गाव येतं. उन्हाळ्यात तिथल्या पुलावरून नदीत उड्या मारण्याची स्पर्धा भरते. त्यानंतर लगेच अनहोवोचा सिमेंट कारखाना. इथे 1996 पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे बनत. त्या धुळीने परिसरातल्या कित्येकांना फुप्फुसाचे असाध्य आजार झाले. सोचाचं वर्णन करणाऱ्या रंगीत पुस्तिका हे गाव गाळून पुढे जातात. गाडी मात्र कारखान्याला लागूनच जाते.

मग सोल्कानचा पूल. एकाच दगडी कमानीचा विस्तार 85 मीटर, रेल्वेपुलांमध्ये जगातली सर्वांत मोठी दगडी कमान. 1915 ते 1917 मध्ये सोचाच्या काठी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बारा लढाया झाल्या. ऑगस्ट 1916 मध्ये माघार घेताना ऑस्ट्रियाच्या सैन्याने आपलाच हा पूल उडवला, म्हणजे बांधून जेमतेम दहा वर्षं झाली असताना. पुढे 1927 पर्यंत इटलीने तो पुन्हा दगडातच उभारला. गंमत अशी की गाडीत बसून यातलं काहीच दिसत नाही. खाली पाणी चमकतं, वर सबोतिन डोंगरावर दगडांनी लिहिलेलं युगोस्लाव्हियाच्या टिटोचं नाव दिसतं आणि पूल संपतो. कमान बघायची तर नोवा गोरित्साला उतरून नदीकाठच्या सायकल-वाटेने मागे चालत यावं.

नोवा गोरित्साचं स्टेशन भारदस्त आहे, आणि दारासमोरचा चौक अर्धा इटलीत. 1947 मध्ये सीमा आखली तेव्हा जुनं गोरित्सिया शहर इटलीला गेलं आणि हे स्टेशन युगोस्लाव्हियाकडे आलं. शहर गेलं म्हणून स्टेशनाच्या बाजूला नवीन शहरच वसवलं. चौकातलं कुंपण 2004 मध्ये काढलं, 2025 मध्ये दोन्ही शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. अधेमधे, ऑक्टोबर 2023 मध्ये, इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, हेही खरं. स्टेशनातच सीमेवरचं एक लहानसं संग्रहालय आहे, ते चुकवू नका.

त्रिएस्तेला पुढे जायचं असेल तर इटलीचं स्टेशन गोरित्सियाच्या दुसऱ्या टोकाला आहे, चौक ओलांडून शहरातून तिकडे जावं लागतं. आणि बोहिन्य मार्गावर दिवसाला गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि खाण्याचं सामान येसेनित्सेलाच घेऊन ठेवा. कोळशाच्या इंजिनाची जुनी गाडी हवी असेल तर ती फक्त उन्हाळ्याच्या सुमारास, ठरावीक दिवशी.