आई-आबांना घेऊन ऑर्गन पाइपच्या वाळवंटात

फिनिक्सच्या आसपास राहणारी आपली मंडळी मार्चमध्ये वाळवंटातली फुलं पाहायला निघतात ती बहुतेक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या बेताने. आई-आबांना तसं न्यायला माझा जीव धजत नव्हता. आबांनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, दर दोन तासांनी बाथरूम लागतं आणि रात्री सीपॅप मशीनशिवाय (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं यंत्र) झोप नाही. शिवाय फुलांचंही वेळापत्रक असतं. इथली सोनेरी पॉपी ऊन तापल्याशिवाय उघडत नाही आणि कलत्या उन्हात पुन्हा मिटते. ढगाळ दिवशी तर दिवसभर मिटलेलीच राहते. एका फेरीत तिची नेमकी वेळ साधेलच असं नाही. तिथे मुक्काम करायचा आणि बाथरूम, पलंग, स्वयंपाकघर सोबत न्यायचं, असं ठरलं. म्हणजे आरव्ही, चाकांवरचं घर.

जागा निवडली ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट. ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून. १९३७ साली हा प्रदेश संरक्षित झाला आणि १९७६ पासून तो युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आहे. ट्विन पीक्स नावाच्या तिथल्या कॅम्पग्राउंडवर २०८ जागा आहेत, पण एकाही जागेवर हूकअप नाही. वीज नाही, नळ जोडता येत नाही, सांडपाण्याची नळी नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि टाक्या रिकाम्या करायचं डंप स्टेशन तेवढं आहे. जनरेटर लावायचा तर ठरलेल्या रांगांमध्येच, आणि तोही सकाळी ८ ते १० आणि दुपारी ४ ते ६ एवढाच वेळ. नवरा म्हणाला, "हूकअपवाला आरव्ही पार्क बघूया ना, गावाजवळ पुष्कळ आहेत." मी ठाम होते. तिथे खिडकी उघडली की शेजारच्याची गाडी दिसते. आईला मला सग्वारो, म्हणजे इथले खांबासारखे उंच कॅक्टस, दाखवायचे होते, पहाटेच्या उजेडात, बिछान्यातून.

मग सगळा प्रश्न आला सीपॅपवर. मशीन रात्रभर चालणार, जनरेटर रात्री बंद. भाड्याच्या आरव्हीत शंभर अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. अशा बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवल्या तर लवकर खराब होतात, म्हणजे हाताशी शंभरच धरायचे. आबांच्या डॉक्टरांना विचारलं. काही रात्री ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा भाग) बंद ठेवला तरी चालेल असं त्यांनी सांगितलं, आणि तिथेच निम्मं गणित सुटलं. कारण त्या मशीनमध्ये खरी वीज खातो तो पाणी तापवणारा भाग. तो बंद आणि इन्व्हर्टरऐवजी थेट बारा व्होल्टवर चालणारा ॲडॅप्टर, एवढं केलं की एका रात्रीला दहाच्या आसपास अँपिअर-अवर लागतात. घरी मशीन त्या ॲडॅप्टरवर, कारच्या बॅटरीला जोडून रात्रभर चालवून पाहिलं. सकाळी आबा म्हणाले, "काय फरक न्हाय." तेव्हाच मी पैसे भरले.

खरा धोका निघाला हीटरचा. आरव्हीतला हीटर प्रोपेन गॅसवर चालतो, म्हणून विजेची चिंता नाही असं वाटतं. पण गरम हवा ढकलणारा त्याचा पंखा बॅटरीवर असतो आणि चालू असताना सात-आठ अँपिअर ओढतो. मार्चमध्ये तिथे दुपारी पंचवीस अंश, पहाटे दहाच्या खाली. हीटर रात्रभर सोडला असता तर एक-दोन रात्रींतच बॅटरी उतरून सीपॅप बंद पडलं असतं. त्यावर आईच्या गोधड्या. सांगोल्याहून येताना तिने दोन आणल्या होत्या, वजनावरून मी विमानतळावर कुरकुरलेही होते. हीटर झोपण्याआधी अर्धा तास आणि उठल्यावर अर्धा तास एवढाच लावला. एकाही रात्री मशीन थांबलं नाही.

गाडी ताब्यात घेताना कंपनीच्या माणसाला मी प्रत्येक गोष्ट माझ्या हाताने करू द्यायला सांगितली. नुसतं बघून लक्षात राहत नाही. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, घाण पाण्याची वेगळी, दोन्ही एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत. फ्रिज प्रोपेनवर चालतो, पण गाडी सपाट उभी नसेल तर तो नीट थंड करत नाही आणि बिघडूही शकतो, म्हणून चाकाखाली ठोकळे लावून पातळी साधायची. चोवीस फुटी गाडी होती. ॲरिझोनात तिला नेहमीचं लायसन्स चालतं. नवरा मागून आमची कार घेऊन आला, आणि त्याचा उपयोग पुढे झाला. भाड्याची आरव्ही कच्च्या रस्त्यावर न्यायला करारात मनाई होती, आणि तिथलं सगळ्यात सुंदर आहे ते कच्च्या रस्त्यावरच.

गिला बेंडपासून ८५ नंबरचा रस्ता सरळ दक्षिणेला जातो. वाटेत आहो हे जुनं तांब्याच्या खाणीचं गाव. तिथे भाजी, दूध, बर्फ घेतला. पुढे व्हाय नावाच्या तिठ्यावर डिझेल. त्यानंतर वस्ती संपते.

आबांनी उतरल्या उतरल्या सग्वारोला हात लावायचा प्रयत्न केला आणि मी ओरडले. ते हसून म्हणाले, "अगं, निवडुंगातच वाढलोय की आम्ही." आमच्याकडे बांधाला फड्या निवडुंग असतो, तो मूळचा अमेरिकेतलाच, परदेशी लोकांनी हिंदुस्थानात आणलेला. त्रिधारी निवडुंग मात्र आपला, आणि तो कॅक्टस नाहीच. त्याचं कूळ वेगळं, तोडला की पांढरा चीक येतो. आबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि रात्री फोनवर काकांना सांगितलं.

सग्वारोला पहिला फाटा फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. पालो वर्दे किंवा आयर्नवूडच्या झाडांच्या सावलीत त्याचं रोप जगतं, उघड्यावर जळून जातं. पाऊस पडला की खोडावरच्या चुण्या फुगून उघडतात आणि कोरड्या दिवसांत पुन्हा आत जातात. ऑर्गन पाइप कॅक्टसची तऱ्हा निराळी. एकाच बुंध्यातून वीस-पंचवीस खांब उठतात. त्याला थंडी सोसत नाही, म्हणून तो दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर जास्त दिसतो. गोठवणारी रात्र आली की खांबाचं टोक दुखावतं, पुन्हा वाढ सुरू झाली की तिथे आवळल्यासारखी कंगणी पडते. आई त्या कंगण्या बोटाने दुरूनच मोजायची. "एवढ्या थंड्या काढल्यात बघ यानं."

कॅम्पग्राउंडभोवती मैलभराची सपाट पायवाट आहे. आबा काठी टेकत ती सकाळी पुरी करायचे. तिथेच त्यांच्या बुटाला चोया नावाच्या कॅक्टसचा गोळा चिकटला. टेडी बेअर चोया दिसतो मऊ, पण नुसता निसटता स्पर्श झाला तरी त्याचा तुकडा तुटून सोबत येतो. हाताने काढायचा नाही. मोठ्या दातांचा कंगवा खाली घालून झटक्यात उडवायचा. असा कंगवा खिशात ठेवाच.

आहो माउंटन ड्राइव्ह हा एकवीस मैलांचा कच्चा फेरा. पंचवीस फुटांहून लांब गाड्यांना तिथे बंदी आहे, आणि आमचा करार तर त्याहून कडक. कार घेऊन गेलो. सकाळी नऊला जो उतार मातकट दिसला होता तोच साडेअकराला परतताना पॉपीने केशरी झाला होता. मधेच ल्युपिनचा जांभळा, आणि खडकाखडकातून ब्रिटलबुशचे पिवळे झुपके. ओकोटियोच्या काटेरी काठ्यांच्या टोकाला लाल तुरे, त्यांवर हमिंगबर्ड. हेजहॉग कॅक्टसचं गडद गुलाबी फूल आईने जमिनीवर बसून पाहिलं, आणि आम्ही तिला उठा म्हटलं नाही. आपल्याकडे कासला पावसाळा सरत आला की फुलं येतात. इथल्या सोनोरन वाळवंटात उन्हाळी पाऊस वेगळा आणि हिवाळी वेगळा, आणि मार्चची फुलं हिवाळी पावसाची. शरद ऋतूत एक चांगली सर येऊन बी रुजावं लागतं आणि मग थंडीभर अधूनमधून पडावं लागतं. मधेच खंड पडला तर त्या वर्षी फक्त ब्रिटलबुशसारखी झुडपं फुलतात. म्हणून जागा महिनोन्‌महिने आधी आरक्षित केली तरी बहराची खात्री नसते. मी तर म्हणेन, सग्वारोसाठी जा.

पाणी मी मोजून वापरलं. टाकी एकशे तीस लिटरची. भांडी आधी कागदाने पुसायची, मग थोड्या पाण्यात धुवायची. आईला ते शिकवावं लागलं नाही. टँकरच्या पाण्यावर तिने संसार केला आहे. उलट मीच तिच्याकडून शिकले की भाजी धुतलेलं पाणी हात धुवायला ठेवायचं.

निघायच्या दिवशी डंप स्टेशन. हातमोजे घालायचे, नळी घट्ट बसली ना ते ओढून पाहायचं, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग आंघोळ-भांड्यांची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आई-वडिलांना न्यायला लोक या एका गोष्टीमुळे कचरतात, तसं करू नका.

एक गोष्ट मात्र विसरू नका. उत्तरेला परतताना ८५ नंबरच्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलचं तपासणी नाकं आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत जवळ हवी. आम्ही ती पुढच्या कप्प्यात ठेवली होती. अधिकाऱ्याने पाहिली, आबांना नमस्कार केला आणि सोडलं.

आता आईच्या मनात ऑर्गन पाइपचं फूल आहे. ते मे-जूनमध्ये सूर्यास्तानंतर उमलतं, रात्री वटवाघळं त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा ते मिटतं. अगदी पहाटे पोचलं तर दिसेल. पण तेव्हा तिथे पारा पस्तिशीच्या आसपास असतो आणि जूनमध्ये चाळिशीला टेकतो. विजेशिवायच्या आरव्हीत आबांना ठेवणं शक्य नाही, मुक्काम आहो गावात, एसीच्या खोलीत करावा लागेल. त्यांची परतीची तिकिटं एप्रिलअखेरची आहेत. ती पुढे ढकलायची का, यावर घरात बोलणं चालू आहे.