फवारणीचं विष: माणसाचं रक्त वेगळं, पक्ष्याचं वेगळं

फवारणी करून आलेल्या माणसाच्या बाहुल्या बारीक झाल्या, तोंडाला लाळ सुटली, घाम थांबेना, की डॉक्टर उपचार सुरू करतात आणि कोलिनएस्टरेज (मज्जातंतूंचा निरोप वेळेवर थांबवणारं एन्झाइम) मोजायला रक्त पाठवतात. बांधावर कबुतरं किंवा कावळे तडफडताना सापडले तरी हीच चाचणी मागितली जाते. पण दोन्हीकडे मोजायचं ते वेगळं. नारायणगाव-जुन्नरचा टोमॅटो-द्राक्षांचा पट्टा पुण्याला इतका जवळ आहे की हा फरक इथल्या लॅबवाल्यांना आणि पक्षीमित्रांना पक्का ठाऊक हवा.

क्लोरपायरीफॉससारखं ऑर्गनोफॉस्फेट (फॉस्फरस असलेलं कीटकनाशक) एसिटिलकोलिनएस्टरेजमधल्या सेरीन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि एन्झाइम बंद पाडतं. माणसाच्या तांबड्या पेशीच्या आवरणावर हेच एन्झाइम असतं, म्हणून मज्जातंतूंच्या जोडांवर काय चाललंय याचा अंदाज रक्तावरून येतो. या पेशीला केंद्रक नाही, प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत. बंद पडलेल्या एन्झाइमच्या जागी नवं बनवणं तिला जमतच नाही. पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळे एन्झाइम सोडवणाऱ्या ऑक्झाइम औषधाचा उपयोग झाला नाही तर भरपाई नव्या पेशी येतील तेवढीच, रोज सुमारे 1 टक्का. प्लाझ्मातलं (रक्ताच्या द्रव भागातलं) त्याच कुळातलं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज यकृत बनवतं, ते काही आठवड्यांत सावरतं. म्हणून प्लाझ्मा ठीक आणि तांबड्या पेशीतलं एन्झाइम कमी, असा रिपोर्ट आला तर संपर्क काही आठवड्यांपूर्वीचा असू शकतो. (ॲस्पिरिनचंही असंच. माणसाच्या प्लेटलेटला केंद्रक नाही, म्हणून एका गोळीचा परिणाम ती प्लेटलेट संपेपर्यंत, 7 ते 10 दिवस.)

पक्ष्याची तांबडी पेशी लंबगोल, केंद्रक असलेली. साहजिकच वाटतं की ती एन्झाइम भरून काढेल. पण तिच्यावर हे एन्झाइम जवळपास नसतंच! पक्ष्याच्या रक्तात जे मोजता येतं ते प्लाझ्मात. माणसाच्या पद्धतीने धुतलेल्या तांबड्या पेशी तपासल्या, तर निरोगी कबुतरही विषबाधा झालेलं ठरेल.

ट्यूबमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. करड्या टोपणाची फ्लोराइड ट्यूब अजिबात नको. फ्लोराइड स्वतःच कोलिनएस्टरेजला अडवतं, आकडा खोटा कमी येतो. जांभळ्या टोपणाचं ईडीटीए माणसाच्या तांबड्या पेशींसाठी चालतं, पण कावळ्याच्या रक्तात त्याने पेशी फुटतात. हे एन्झाइम मोजायच्या एलमन पद्धतीत पिवळा रंग 412 नॅनोमीटरला वाचतात, आणि हिमोग्लोबिनही तिथेच जोरात प्रकाश शोषतं. लालसर प्लाझ्माचं रीडिंग भरवशाचं नाही. पक्ष्यांसाठी हिरव्या टोपणाचं लिथियम हेपारिनच घ्यावं.

रक्त वजनाच्या 1 टक्क्यापेक्षा जास्त काढू नये. 300 ग्रॅमच्या कबुतराला 3 मिली ही निरोगीपणातली वरची मर्यादा. आजारी पक्ष्याचं अर्धा मिलीही पुरतं. पंखाच्या आतल्या बाजूची शीर सोपी, पण लगेच रक्त साकळून सूज येते, तेव्हा कापसाने दाबून धरा.

मग थंडावा. मेथोमिलसारखं कार्बामेट (कीटकनाशकांचा दुसरा गट) एन्झाइमला कायमचं धरून ठेवत नाही, काही तासांत सुटतं. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आलेलं सॅम्पल लॅबमध्ये 'नॉर्मल' निघू शकतं. सॅम्पल बर्फावर न्या, लवकर सेंट्रिफ्यूज करा, प्लाझ्मा गोठवा. कार्बामेटचा हाच सुटण्याचा गुण पुढे कामी येतो. प्लाझ्मा 37 अंशांवर काही तास ठेवून पुन्हा मोजा. आकडा चढला तर कार्बामेट. नाही चढला आणि प्रॅलिडॉक्झाइम हे ऑक्झाइम घातल्यावर चढला, तर ऑर्गनोफॉस्फेट. उशीर झालेला असेल तर एन्झाइम 'एज' होतं, म्हणजे विष त्याला कायमचं चिकटतं, मग प्रॅलिडॉक्झाइमनेही चढत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मेलेल्या पक्ष्याचं रक्त कामाचं नाही, मेंदू गोठवून पाठवावा. त्याच जातीच्या निरोगी पक्ष्यांपेक्षा मेंदूतल्या एन्झाइममध्ये 20 टक्के घट म्हणजे संपर्क, 50 टक्के किंवा जास्त घट म्हणजे मृत्यूचं कारण तेच असण्याची दाट शक्यता. दुसऱ्या जातीशी तुलना करू नका. एका जागी बरेच पक्षी मेले असतील तर बर्ड फ्लूही डोक्यात हवा. हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, औंधचा रोग अन्वेषण विभाग याचसाठी आहे. मोर असेल तर वनखात्याला सांगितल्याशिवाय हलवू नका.

फवारणी करणाऱ्यांनी हंगामाआधीच स्वतःचा मूळ आकडा मोजून ठेवावा. माणसामाणसात फरक इतका असतो की लॅबच्या 'नॉर्मल'मध्ये राहूनही एखाद्याचा आकडा बराच खाली आलेला असतो. कॅलिफोर्नियात तांबड्या पेशीतलं एन्झाइम मूळ आकड्याच्या 70 टक्क्यांवर आलं की कामगाराला फवारणीवरून हटवतात, आणि 80 टक्क्यांपर्यंत चढल्याशिवाय परत घेत नाहीत.