तुम्ही विचारलंत म्हणून: दस्त्यावरचा काळा डाग

"बार काढले की त्याच दिवशी बंदूक धुतो, तेल लावतो. तरी निपलखालचं लाकूड काळं पडतंच. वरून पॉलिश मारलं तर झाकेल का?" पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारे हे नेहमी विचारतात, आणि जुनी केपाची रायफल हौसेने जपणारेही. (केप म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, निपल म्हणजे ती बसवायचं नळीच्या बुडाशी असलेलं पोकळ बोंड, आणि दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकडी अंग.)

पॉलिशने झाकणार नाही. पारदर्शक थराखाली हा डाग आणखी उठून दिसेल. आणि तो का पडतो, याचं उत्तर ऐकून बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतात: हे डाग बार उडवण्याने कमी आणि धुण्याने जास्त पडतात.

काळ्या दारूत ढोबळमानाने ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा भाग वायू न होता घनच राहतो. त्यातलं काही धुरातून जातं, उरलेलं नळीला चिकटतं. त्या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि पाण्यात पडले की पाणी अल्कधर्मी होतं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यातल्या गंधकाचा. हे पाणी वाटेत लोखंडाचा गंज उचलतं आणि लाकडात मुरतं. अक्रोड असो की सागवान, लाकडात टॅनिन असतं. लोखंड आणि टॅनिन भेटले की निळसर काळा रंग ठरलेला. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो याच कारणाने. हिरडा आणि हिराकस यांची शाईही याच गुणावर बनायची. म्हणजे दस्त्यावर घाण बसलेली नसते, लाकडाच्या आत शाई तयार झालेली असते. ती पुसून जाईल कशी?

आता ते पाणी तिथे पोचतं कसं, हे एकदा नीट बघा. नळीत पाणी आहे, गजाला, म्हणजे ठासायच्या सळईला, फडकं आहे, गज खाली दाबला. आतल्या हवेला आणि पाण्याला जायला एकच भोक, निपलचं. तिथून काळ्या पाण्याची चिळकांडी उडते, घोड्यावर आपटते आणि कळपट्टीच्या (घोडा-चापाची यंत्रणा, म्हणजे कळ, जिच्यावर बसते त्या लोखंडी पट्टीच्या) कडेने लाकडात शिरते. वरचं तुम्ही पुसता, पट्टीमागचं राहतं.

म्हणून पाण्याची वाट आधी ठरवायची. बंदूक रिकामी आहे ना, हे गज आत टाकून, बाहेरच्या खुणेशी ताडून पाहायचं; निपलवर केप नको. ज्या बंदुकीची नळी आडवी खिट्टी काढून बुडाच्या आकड्यातून सुटते, तिची नळी सोडवून बूड बादलीत बुडवा, दस्ता दुसऱ्या खोलीत ठेवा, प्रश्न मिटला. खिट्टी पितळी किंवा लाकडी दांडीने ठोका, खिळ्याने नाही. नळी पिनांनी जखडलेली असेल तर दर वेळी काढू नका, भोकं सैल होतात. अशा बंदुकीला मत्स्यटाकीच्या पंपाची मऊ नळी घ्या, आतून साधारण ४ मिलिमीटरची. ती निपलवर घट्ट बसवून दुसरं टोक बाटलीत सोडा. आता गज दाबा, घाण बाटलीत. कळीभोवती लाकडाला मेण चोळून वर क्लिंग फिल्म गुंडाळा. चिकटपट्टी नको, जुनं लाखेचं पॉलिश तिच्याबरोबर सोलून येतं. पाणी कोमट, भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, एका वेळी अर्धा कप पुरे. उकळतं पाणी ओतलं तर नळी सुकताना आत लगेच तांबूस गंज धरते. नळी ओतताना चाप आभाळाकडे आणि तोंड खाली, म्हणजे ओघळ नळीवरून गळतो, पुढच्या लाकडावर येत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी लाकडावर काय लावलंय ते ओळखा. दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवा. चिकट झालं तर लाख, म्हणजे आपलं चपड्याचं फ्रेंच पॉलिश. ते पाण्याने पांढरं होतं आणि अल्कधर्मी काजळीने चक्क विरघळतं. नुसता पांढरट डाग असेल तर एक दिवस सुकू द्या, मग स्पिरिटला जेमतेम लागलेलं फडकं झरझर फिरवा. एका जागी थांबलात तर थर उचलला जाईल.

दस्त्याच्या मनगटाजवळचं (मुठीत धरायच्या बारीक भागाचं) काळपट, मऊ लाकूड हे पाण्याचं काम नसतं, तेलाचं असतं. बंदूक उभी ठेवली की जादा तेल नळीच्या बुडाकडून लाकडात उतरत राहतं. खडूची पूड मिनरल टर्पेंटाइनमध्ये लाप्शीसारखी कालवून बोटभर जाड थापा, सुकली की झाडा. तीन-चार वेळा करावं लागतं. जवळ चूल, विडी काही नको.

शाईच्या डागाला मात्र ऑक्झॅलिक ॲसिडच लागतं. ब्लीचने लोखंडाचा डाग जात नाही आणि कळ गंजते ती वेगळी. कळ, निपल, पट्ट्या उतरवा. ते जमत नसेल तर परवानाधारक कारागिराकडे द्या. त्या भागाचं जुनं पॉलिश काढा. काचेच्या भांड्यात अर्धा लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम ॲसिड विरघळवा. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि स्वयंपाकघरात नाही. नुसत्या डागावर न लावता कडेपासून कडेपर्यंत सगळ्या बाजूला लावा, नाहीतर काळ्याच्या जागी फिकट ठिपका मिळेल. वीस मिनिटांनी साध्या पाण्याने तीनदा पुसा. सोडा वापरा असं सांगणारे भेटतील. अक्रोडावर सोड्याने रंग पुन्हा गडद होतो, तेव्हा नकोच. दोन दिवस सावलीत सुकवून ४०० नंबरचा कागद हलकेच फिरवा, पण लोखंडाला लागून असलेली कड घासू नका. तिथलं लाकूड लोखंडाच्या खाली गेलं की परत येत नाही. खोल डाग ॲसिडचा दुसरा हात दिल्यावर उतरतो. जो तेव्हाही उरला तो बहुधा निपलच्या ज्वाळेने करपलेला असतो, त्याला सोडून द्या. आणि आजोबांच्या काळची बंदूक असेल तर हे सगळं करूच नका.

शेवटी जवसाचं तेल, डबल बॉइल्ड. कच्चं कित्येक दिवस चिकट राहतं. पहिला हात निम्म्या टर्पेंटाइनमध्ये, पुढचे नुसते, पंधरा मिनिटांनी पुसून कोरडे करत, दोन हातांत २४ तास सोडून. कोकणातल्या पावसाळ्यात तीन दिवसही लागतात, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढा. तेलाची फडकी चुरगाळून टाकलीत तर आपोआप पेटतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा. चार-पाच हात झाले की कळीच्या खोबणीत आतूनही एक हात द्या, सगळे विसरतात तो हाच. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची असेल तर नेण्याआधी तोंड खाली करून रात्रभर उभी ठेवा, जादा तेल निथळू दे, आणि कळीच्या कडेला मेण भरा.