कोलन राहिला की!

आज भाचीनं पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत पहिला प्रोग्रॅम लिहिला आणि तो काय चालेना. अर्धा तास दोघं स्क्रीनकडं बघत बसलो. शेवटी सापडलं, 'इफ'च्या ओळीला शेवटचा कोलन (:) राहिलेला. "मामा, एवढं पण समजून घेत नाही हा कॉम्प्युटर?" नाही गं बाई. कोल्हापुरात नुसतं "काय मग?" म्हटलं तरी समोरचा चार अर्थ काढतो, ह्याचं तसं नाही.

मग रंकाळ्यावर भेळ खाताना तिला अशीच नियमात बसवलेली, पण माणसांनी बोलायची एस्पेरांतो सांगितली. झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरनं १८८७ साली मांडलेली भाषा. मूळ नियम फक्त १६. नाम 'ओ'नं संपणार, विशेषण 'आ'नं. शब्दाच्या आधी 'माल' जोडला की अर्थ उलटा: बोना म्हणजे चांगला, मालबोना वाईट. पोरीनं लगेच माझ्या भेळेला मालबोना ठरवलं. (तिखट कमी होतं, खरंच.)

मग तिचा प्रश्न, "ऑलिंपिकचं ब्रीदवाक्य, सिटियस, अल्टियस, फोर्टियस (आणखी वेगानं, उंच, बलवान), लॅटिनमध्ये कशाला?" मी म्हटलं, आपल्या शिवाजी विद्यापीठाचं संस्कृत 'ज्ञानमेवामृतम्' तरी कुठं मराठीत आहे? रोज भाजी आणायला वापरत नाही, म्हणून त्या भाषा भारदस्त वाटत असाव्यात.

घरी येऊन कोलन टाकला. आता कॉम्प्युटर म्हणतोय, ओळीच्या सुरुवातीची स्पेस चुकली.