आईच्या आठवणी आणि मावशीचा फोन

वय झालं की विसरायला होतं, हे वाक्य आमच्या घरात फार सैल हाताने वापरलं जातं. आईला तिच्या लहानपणाचं काही विचारलं की तीही तेच म्हणते, "मला काय आठवत नाही बघ, मी विसरलो सगळं." (आमच्या बेळगावकडे बायकाही 'मी विसरलो'च म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.)

खरं तिच्या गावाहून, बैलहोंगलहून मावशीचा फोन येऊ दे. पलीकडून "नेनप ऐतेन अक्का?" (आठवतंय का अक्का?) एवढं ऐकू आलं की हीच बाई खुर्चीत सरसावून बसते. आई कानडी शाळेत शिकलेली, लग्न होऊन बेळगावच्या अनगोळात आली ती मराठीतच मुरली. फोनवर मात्र ती शाळेच्या वाटेवर असते. बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, खाली गळालेला कापूस फ्रॉकच्या खिशात कोंबणाऱ्या पोरी, सरकी काढून देवासाठी वाती वळणारी अज्जी. मी मराठीत विचारलं तेव्हा यातलं एक अक्षर निघालं नव्हतं.

यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. व्हिओरिका मारियन आणि उलरिक नाइसर या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. रशियन बोलत वाढलेल्या आणि नंतर अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी दोन्ही भाषांत प्रश्न विचारले. रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलायच्या काळातल्या आठवणी जास्त निघायच्या, इंग्रजीत विचारलं की इंग्रजीच्या काळातल्या. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवरचा १९७५ चा प्रयोग याहून प्रसिद्ध आहे, पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवतात म्हणणारा. पण २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक दिसला नाही, म्हणून मी त्याच्यावर फार भार देत नाही.

आता माझंच बघा. आई वर्षानुवर्षं ज्या गल्ल्या नि घरं सांगायची, ती माझ्या डोक्यात कधी राहिलीच नाहीत. बैलहोंगलला जाऊन मावशीबरोबर गाव पायी फिरले, तेव्हापासून नवीन ऐकलेलं पक्कं बसतं. आधी ऐकलेलं मात्र परत आलं नाही ते नाहीच. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी १९७२ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. कपडे धुण्याची कृती त्यांनी कपड्यांचं नाव न घेता मोघम लिहून लोकांना ऐकवली. विषय आधी सांगितला होता त्यांना १८ मुद्द्यांपैकी सरासरी ५.८ आठवले. ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना २.७, आणि ज्यांना सांगितलाच नाही त्यांना २.८. म्हणजे विषय उशिरा कळून काडीचाही उपयोग नाही.

आधीची माहिती दगाही देते, तेही सांगायला हवं. मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात लिहिलंय, की अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा केंब्रिजच्या मंडळींना परत सांगायला लावली, तर त्यांनी ती आपल्या ओळखीची करून टाकली. होडगं गेलं, साधी बोट आली. सीलची शिकार गेली, मासेमारी आली. आमच्याकडे कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बैलहोंगलमधल्या समाधीवरून दोघी बहिणींचं भांडण आहे. मावशी म्हणते तिथे बाग होती, आई म्हणते नुसती माती. मावशी अजून तिथेच राहते, आजची बाग रोज बघते, त्यामुळे या बाबतीत माझं मत आईला.

आता प्रश्न मी मावशीला कळवते, तिने कानडीत विचारायचं आणि मी स्पीकरवर ऐकून लिहून घ्यायचं. माझं कानडी बाजारापुरतं, त्यामुळे मधे मधे थांबवावं लागतं, त्यावर दोघी वैतागतात. परवा अज्जाच्या दुकानाचा विषय निघाला. लोक वर्षभर सामान उधार न्यायचे आणि कापूस विकला की फेडायचे, हे मला आताच कळलं. ती उधारीची वही कुठे गेली, ते पुढच्या फोनला विचारायला सांगितलंय.