एका पायावरचा नर्तक

सांगलीत राहणाऱ्या माणसाला जुन्या नटांच्या छायाचित्रांचे वेड लागावे यात नवल नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ येथेच सादर केले आणि बालगंधर्वांचे नागठाणे याच जिल्ह्यात आहे. परंतु स्त्रीवेषातल्या नटांची ती छायाचित्रे पाहताना मला नेहमी हुरहूर वाटते. शालू, नथ, खोपा सारे जागच्या जागी असते, मात्र तो नट रंगमंचावर वळत कसा होता, सहनटाशेजारी केवढा दिसत होता, हे कळत नाही. अठराव्या शतकातील लंडनची अर्कचित्रे मला आवडू लागली ती यासाठी.

१७२० च्या दशकातील एका छापचित्रात सेनेसिनो आणि बेरेनश्टाट हे ऑपेरातले दोन कास्त्राती गायक ताडमाड उंच उभे आहेत आणि मधोमध गायिका फ्रान्चेस्का कुत्सोनी अगदी बुटकी दिसते. ही निव्वळ अतिशयोक्ती आहे, असे मला पूर्वी वाटे. वयात येण्यापूर्वीच खच्चीकरण झालेल्या या गायकांचा आवाज उंच पट्टीतच राहत असे. पण हाडांची वाढ थांबण्यास लागणारे संप्रेरक न मिळाल्याने त्यांचे हातपायही बहुधा लांबत जात. ज्या देहांतून प्रेक्षक नायकाचे गाणे ऐकत होते, ते देह चित्रकाराने चिमटा काढताना का होईना, नीट पाहिले होते.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेखाटायचे आणि मग ती रेघ आम्लाने खोल करायची, ही या अर्कचित्रांची पद्धत छिन्नीच्या कोरकामापेक्षा हाताला पुष्कळ मोकळीक देते. त्यामुळे रेघेत चपळाई उतरते.

ऑग्युस्त वेस्त्रिस या पॅरिसच्या तरुण नर्तकाने लंडन गाजवले, त्या वेळचे १७८१ चे चित्र मी सर्वांत जास्त वेळा पाहिले आहे. तो एका पायावर तोललेला आहे आणि खाली प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कची गोष्ट कोरली आहे: एका पायावर बराच वेळ उभा राहिलेला परका माणूस स्पार्टाच्या रहिवाशाला म्हणतो, ‘तुला हे जमणार नाही’, त्यावर उत्तर मिळते, ‘खरे आहे, पण कोणत्याही हंसाला जमते.’ टोमणा झोंबणारा आहे, तरीही तो तोल, ते पसरलेले हात आणि उचललेला पाय त्याच कागदावर शिल्लक आहेत. बालगंधर्वांचे असे एखादे चित्र मिळावे, म्हणून मी जुन्या मासिकांचे गठ्ठे आजही चाळत असतो.