इथलं बोलणं बाहेर जाणार नाही ना?

या प्रश्नाला शिबिरात काय उत्तर द्यावं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. निवासी शिबिर असो की कंपनीतली दोन दिवसांची कार्यशाळा, पहिल्या चहाला कुणीतरी कप घेऊन बाजूला येतं आणि हळूच हा प्रश्न विचारतं. "छे, अजिबात नाही" हे उत्तर सुलभकाच्या, म्हणजे शिबिर चालवणाऱ्याच्या, जिभेवर तयार असतं. ते देऊ नये, कारण ते खोटं आहे.

सुलभक हमी देऊ शकतो ती फक्त स्वतःच्या तोंडाची. गोलात आणखी पंधरा जण बसलेले असतात. त्यांची हमी त्यांच्याकडूनच घ्यावी लागते, आणि तीही कुणी मन मोकळं करण्याआधी. पहिल्या सत्रातली वीस-पंचवीस मिनिटं त्यासाठीच ठेवावीत. फळ्यावर 'गोपनीयता पाळा' लिहून भागत नाही. सगळे माना डोलावतात आणि प्रत्येकाच्या मनात अर्थ वेगळा असतो. नेमकं विचारावं. रात्री फोनवर नवऱ्याला सांगितलं तर चालेल? नाव न घेता? जेवताना त्याच माणसापाशी तो विषय काढला तर?

गट अडखळतो तो या शेवटच्या प्रश्नाशी. सकाळी बोललेली बाई दुपारी वरणभात वाढून घेत असते, मागून कुणीतरी मायेनंच म्हणतं, "सासूबाईंचं ऐकून वाईट वाटलं हो," आणि मग उरलेलं शिबिर ती मिटून बसते. म्हणून ठराव असा करावा: आपल्याला काय उमगलं ते कुणालाही सांगा, दुसऱ्याची गोष्ट त्यानं काढल्याशिवाय त्याच्यापाशीसुद्धा काढू नका. फोटो, रेकॉर्डिंग आणि नंतरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांचंही तेव्हाच ठरवून टाकावं.

सुलभकाच्या स्वतःच्या हमीलाही अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. न्यायालयानं बोलावलं तर वकिलासारखं 'अशिलाचं बोलणं सांगणार नाही' म्हणायची सोय सुलभकाला नाही, एकेकट्याशी बोलून मार्गदर्शन करणाऱ्या कोचलाही नाही. हे सगळं आधी सांगायचं. माणूस बोलून मोकळा झाल्यावर अपवाद सांगणं म्हणजे फसवणूकच.

पैसे कंपनी देत असेल तर पेच वाढतो. शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा फोन येतो, "तो अमुक कसा वाटला?" प्रश्न साधाच, पण उत्तरावर एखाद्याची बढती अडू शकते. कोच, कोचिंग घेणारा आणि कंपनी या तिघांत पहिल्या भेटीआधीच लेखी ठरलेलं असावं की कंपनीला फक्त हजेरी आणि ठरवलेली उद्दिष्टं कळतील. बाकी काही सांगायचं तर ते कोचिंग घेणारा स्वतः सांगेल. असं लिहून द्यायला जी कंपनी तयार नाही, तिचं काम घेऊ नये.

खरी गळती मात्र बहुतेकदा आमच्याच बाजूनं होते. 'मागच्या बॅचमध्ये एक शिक्षिका होत्या...' अशी उदाहरणं रंगवून सांगितली जातात, आणि समोरचा हुशार माणूस तेव्हाच ओळखतो की पुढच्या बॅचला आपण उदाहरण होणार. रात्री सुलभकांची बैठक होते, तिथेही सहभागींबद्दल सैल बोललं जातं. 1946 साली अमेरिकेत कनेटिकटला मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या कार्यशाळेत अशाच संध्याकाळच्या चर्चेला काही सहभागी येऊन बसले. आपल्याविषयीची निरीक्षणं ऐकून त्यांनी ती खोडायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे टी-ग्रुपची, म्हणजे गटात एकमेकांच्या वागण्याविषयी समोरासमोर बोलून शिकण्याची, पद्धत उभी राहिली. तीच कसोटी लावावी: ज्याच्याबद्दल बोलतोय तो दारात उभा असता तर हेच वाक्य म्हटलं असतं का?

तर चहाच्या कपाशी द्यायचं उत्तर असं: "माझ्याकडून जाणार नाही, मघाशी सांगितलेले अपवाद सोडून. बाकीच्यांनी शब्द दिलाय, पण त्यांची खात्री मी देऊ शकत नाही. बाहेर गेलं तरी झेपेल एवढंच आज बोला. नको वाटलं तर 'पास' म्हणा, का ते कुणी विचारणार नाही." हे ऐकून काही जण कमी बोलतात. बोलू देत कमी.